किर्बी घ्यायचा, पण कितीला?

अमेरिकेत गालिचे अंथरलेलं घर घेतलं की ‘एक खोली फुकट साफ करून देतो’ म्हणणारा किर्बी व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता दारात उभा राहू शकतो. तो तुमच्याच गादीवरून यंत्र फिरवतो आणि त्यात बसवलेल्या फडक्यावर जमलेली धूळ नाकासमोर धरतो. ओशाळू नका, आपण नवा व्हॅक्यूम घेऊन असं कोणाच्याही गादीवर गेलो तर तेवढी धूळ निघेलच. मग किंमत कळते : दीड-दोन हजार डॉलर. नको म्हटलं की आकडा उतरू लागतो, यातच काय ते समजावं.

यंत्र मात्र खणखणीत आहे. अंग ओतीव अॅल्युमिनियमचं, वजन दहा किलोच्या आसपास. पंखा तोंडाच्या लगेच मागे असल्यामुळे कचरा थेट त्यातून पिशवीत जातो. वाट आखूड, म्हणून गालिच्यावर ओढ जबर. पण नाणं किंवा स्क्रू आत गेला तर तोही पंख्यावरच आपटतो. १९९०पासूनच्या मॉडेलांत चाकांना मोटरची जोड आहे, त्यामुळे सपाटीवर दांडा जरासा ढकलला की पुरे. जिन्यावर ते सगळे किलो तुमच्या हातात. सोफा साफ करायचा तर पुढचं तोंड काढून नळी लावा; गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधी करून बघावं.

माझं मत : घर गालिच्यांचं आणि एकमजली असेल तर जुना घ्या. शे-तीनशे डॉलरमध्ये चांगला मिळतो. चालू करून घरघर ऐका, पिशवीचा वास घ्या, ब्रशच्या टोकांना गुंतलेले केस पाहा, वायर हातानं चाचपा. पट्टा आणि पिशव्या किरकोळ खर्चाच्या. पट्टा सैल पडला की ब्रश मंदावतो, तेव्हा तो वेळेवर बदला.

भारतात आणायच्या फंदात पडू नका. यंत्र १२० व्होल्टचं, म्हणजे वर जडशीळ ट्रान्सफॉर्मर आला. आणि आपल्या टाइल्सना केरसुणी नि ओलं फडकं पुरतं.

घरी बसून नव्यावर सही केलीच असेल, तर २५ डॉलर किंवा त्याहून मोठा असा सौदा अमेरिकी नियमानं तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. यात शनिवार धरतात, रविवार नाही. रद्द करण्याच्या अर्जाच्या दोन प्रती विक्रेत्यानं द्यायच्याच असतात. एक भरून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.