‘अलास’, ‘अगाई’ आणि ‘वत’

इंग्रजी व्याकरणात उद्गारवाचक शब्द शिकताना ‘अलास’ हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतो. त्याच्या मागोमाग कोणीतरी मरण पावल्याचे वाक्य येते, आणि त्या वाक्याचे अप्रत्यक्ष कथन करताना ‘अलास’ काढून ‘तो दुःखाने उद्गारला’ अशा अर्थाचे शब्द घालावयाचे असतात. एवढ्यावर त्याचा अभ्यास संपतो. व्याकरणाबाहेर तो फारसा भेटत नाही; आजच्या इंग्रजीत भेटलाच तर पुष्कळदा किंचित थट्टेच्या सुरात. एका जुन्या हुंदक्याची ही अवस्था आहे.

1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे कित्येक पिढ्या तेथील दरबारात फ्रेंच भाषेचे वर्चस्व राहिले. त्या भाषेतून जे असंख्य शब्द इंग्रजीत उतरले, त्यांत तेराव्या शतकाच्या सुमारास ‘अलास’ आला. जुन्या फ्रेंचमध्ये ही दोन पदे होती. ‘आ’ हा नुसता निःश्वास, आणि ‘लास’ हे विशेषण. त्याचे मूळ लॅटिन ‘लास्सुस’, अर्थ थकलेला. बोलणारी स्त्री असेल तर विशेषणही स्त्रीलिंगी होई. म्हणजे हा उद्गार मुळात एक छोटे विधान होते : हाय, मी थकलो, हाय, मी थकले. इंग्रजीत येताना लिंगभेद गळाला, थकवाही विसरला गेला आणि उरला तो केवळ ध्वनी. इंग्रजीचा स्वतःचा ‘वो’ हा शब्द याहून जुना. त्याचे भाऊबंद लॅटिन व जर्मन भाषांतही आहेत. तो मात्र पहिल्यापासून निव्वळ कण्हणेच आहे.

आपल्या भाषेत शोकाकुल माणूस थकल्याचे सांगत नाही. तो बहुधा कोणाला तरी हाक मारतो. ‘अरेरे’ म्हणजे संबोधनावर संबोधन. ‘अगाई’त आई आहे, ‘बाप रे’त बाप आहे, ‘शिव शिव’ आणि ‘देवा रे’ यांत दैवत आहे. ‘हाय’ तेवढा निव्वळ निःश्वास. संस्कृतातील ‘हा’ या शोकोद्गाराशी त्याचे नाते दिसते. त्याची मराठीतील वाटचाल मोठी विलक्षण आहे. तो नाम झाला आणि खचलेला माणूस ‘हाय खाऊ’ लागला. मोर्च्यात तो दोनदा उच्चारला की निषेधाची घोषणा होतो.

हाक मारायची तर ती कोणाला, हा प्रश्न आमच्या नरसीत विशेष जाणवतो. हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. 1296 साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. त्या वियोगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. नामदेवांचे दुःख विठ्ठलाजवळ बोलते. त्यांच्या हाकेला ऐकणारा आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी देवदेवतांचा त्याग केला. आणि दोन महिनेही झाले नव्हते तोच, 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. नव्या धम्मातला समाजाचा पहिला मोठा शोक हाच. मन बदलले होते, पण जीभ मनाच्या मागून चालते. आजही घरात मृत्यू झाला की एखाद्या आजीच्या तोंडून ‘अरे देवा’ निघते, आणि कोणी तरुण तिला तेथेच अडवतो.

ही अडवणूक आम्हांस योग्य वाटत नाही. त्या क्षणी आजी सिद्धान्त मांडत नसते. महापरिनिब्बानसुत्तातील आनंदाचा प्रसंग येथे पाहावा. तथागतांचे निर्वाण जवळ आल्याचे जाणून आनंद विहारात जाऊन दाराला टेकून रडू लागला. भगवंतांनी त्याला बोलावून घेतले, शोक करू नको असे सांगितले, प्रियजनांचा वियोग अटळ असल्याचे स्मरण दिले. आणि लगेच त्याने प्रेमाने केलेल्या दीर्घ सेवेची वाखाणणी केली. रडल्याबद्दल त्याला दोष दिला नाही. थेरीगाथेत उब्बिरी स्मशानात आपल्या मेलेल्या मुलीचे नाव घेऊन आक्रोश करते. तुझ्या मुलीच्याच नावाच्या चौऱ्याऐंशी हजार जणी येथे जळाल्या, त्यांपैकी कोणासाठी रडतेस, असा प्रश्न तिला ऐकू येतो. तिच्या हाकेपासूनच उपदेश सुरू होतो.

याच महापरिनिब्बानसुत्तात, निर्वाणाच्या वेळी, संस्कारांच्या अनित्यतेची गाथा शक्राच्या मुखी आली आहे. अंत्यविधीत आपण ती म्हणतो. तिच्यातील दुसरा शब्द ‘वत’. पठणात तो भराभर निघून जातो. अर्थ सांगतानाही ‘सर्व संस्कार अनित्य आहेत’ एवढेच सांगितले जाते आणि ‘वत’ गळतो. संस्कृतात हाच शब्द ‘बत’ असा आढळतो. तो उद्गार आहे : खेदाचा, विस्मयाचा, क्वचित ‘खरोखर’ या अर्थाचा. म्हणजे अनित्यता सांगणारी ही गाथा कोरडे विधान नव्हे. तिच्या पोटातच एक सुस्कारा आहे, आणि त्यात कोणत्याही देवाचे नाव नाही.

मराठीत त्याला प्रतिशब्द शोधणे अवघड जाते. ‘खरोखर’ घातला तर दुःख निसटते, ‘अरेरे’ घातला तर कोणा दुसऱ्याची कीव केल्यासारखे वाटते. ‘हाय’ त्यातल्या त्यात जवळचा. मात्र तो एकदाच उच्चारावा लागतो, कारण दोनदा म्हटला की आपल्या कानांना मोर्चा ऐकू येतो.