‘स्त्रीपुरुष तुलना’ : मृत्यूचे कारण आणि अपराधाचे उत्तरदायित्व

ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यामुळे मेहकर-डोणगाव भागातून येणारे विद्यार्थी ‘स्त्रीपुरुष तुलना’ (१८८२) हा निबंध आपलेपणाने वाचतात आणि वर्गात एक प्रश्न हमखास विचारतात : ताराबाई बालहत्येचे समर्थन करतात काय? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

निबंधास निमित्त झाला तो सुरतचा १८८१ मधील खटला. विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप सिद्ध होऊन तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात तिच्याऐवजी काळे पाणी आले. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर झोड उठली. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या टीकेविरुद्ध.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने मृत्यूचे उत्तरदायित्व कृती व हेतू यांवर आधारले. अन्य व्यक्तीस अपप्रेरक ठरवावयाचे तर चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर साहाय्य सिद्ध व्हावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे तीन मार्ग कायम आहेत. गर्भवती विधवेस सोडून जाणारा पुरुष यांपैकी काहीच करीत नाही. तो केवळ निघून जातो. साहजिकच पिंजऱ्यात ती एकटी उभी राहते.

मूल कोणाच्या हाताने मेले, हा न्यायालयाचा प्रश्न. ते कोणामुळे मेले, हा ताराबाईंचा. विधवाविवाहास १८५६ च्या कायद्याने मान्यता दिली होती. ते दार रूढीने बंद ठेवले. जोतीराव फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह या संदर्भात महत्त्वाचे ठरते. गुप्त प्रसूतीस आसरा मिळाल्यास अर्भक वाचू शकते, हे गृहीत धरूनच ते उभे राहिले. जे दूर केल्याने मृत्यू टळतो, त्यास मृत्यूचे कारण म्हणावयाचे नाही तर काय?

‘कोणामुळे’ या प्रश्नात एक धोकाही आहे. सारा समाजच दोषी म्हटला की दोषी कोणीच उरत नाही. ताराबाई हा धोका टाळतात तो निबंधाच्या रचनेतून. त्या अमूर्त ‘समाजा’स दोष देऊन थांबत नाहीत; पुरुषांना थेट संबोधून जाब विचारतात. म्हणून हा निबंध आरोपी स्त्रीच्या निर्दोषत्वाचा दावा नव्हे. आरोपपत्रातून गाळलेली नावे त्यात लिहावीत, अशी ती मागणी आहे.