जीर्ण उदरशूल : दुर्बिणीद्वारे निदान केव्हा व कशासाठी?

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुनाट पोटदुखीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम वैद्यांकडे अथवा औषधाच्या दुकानात येतो. दीपन, पाचन व अनुलोमन चिकित्सेने अनेकांना उपशय मिळतो. परंतु काहींचा शूल महिनोन् महिने टिकतो आणि रक्त, मल, मूत्र, सोनोग्राफी, एन्डोस्कोपी व सीटी स्कॅन यांतूनही कारण सापडत नाही. अशा रुग्णांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

उदरावरणावरील क्षयाचे बारीक कण, आतड्यांची चिकटलेली वेटोळी, एन्डोमेट्रिऑसिसचे लहान ठिपके हे चित्रतपासणीत अनेकदा दिसत नाहीत. प्रत्यक्ष पाहिल्यावर दिसतात. म्हणून लॅप्रोस्कोपीचे महत्त्व. मुंबईत डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून दुर्बिणीचा उपयोग निदानासाठी केला. १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची देशातील पहिली शस्त्रक्रिया केली.

रुग्णास पूर्ण भूल देऊन, नाभीजवळ सुमारे १० मि.मी. छेद घेऊन उदरात कर्बवायू भरतात. यकृत, आंत्रपुच्छ, लघ्वंत्राचा शेवट, गर्भाशय व बीजकोश क्रमाने पाहतात. संशयित भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शक तपासणीस व क्षयजंतूंच्या सीबीनॅट चाचणीस पाठवितात. विकृत आंत्रपुच्छ त्याच वेळी काढता येते. क्षय ठरल्यास मात्र उपचार औषधांचाच. तो राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात विनामूल्य मिळतो व सामान्यतः सहा महिने चालतो.

मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. आतडे वा रक्तवाहिनीस इजा होण्याचा धोका अल्प असला तरी असतो. हृदय व फुप्फुसांच्या रुग्णांत विशेष सावधगिरी हवी. चिकटलेली आतडी सोडविल्याने शूल जातोच असेही नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात आतडी सोडविलेल्या व केवळ दुर्बिणीने पाहिलेल्या अशा दोन्ही गटांना वर्षअखेर आराम वाटला, त्यांत लक्षणीय फरक नव्हता. सारे निर्दोष आढळल्यास रुग्णाचा शूल खोटा ठरत नाही; तेथे आहार, मलप्रवृत्ती, निद्रा व मनःस्थिती यांचा विचार करून आपली चिकित्सा पुढे चालवावी.

वजन घटणे, सायंकाळचा ज्वर, पांडुता, मलातून रक्त, उदरात गाठ यांपैकी एकही लक्षण असल्यास रुग्णास त्वरित शल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. पोट फुगून वांती व मलावरोध झाल्यास तासभरही थांबू नये. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथे शल्यविभाग आहेत. सोबत आजवरची औषधे व तपासण्या लिहून द्याव्यात.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती की, त्याच रुग्णास वेदनाशामके पुनःपुन्हा देऊ नयेत. चिठ्ठीविना लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी प्रतिजैविके तर मुळीच देऊ नयेत. क्षय त्यांनी काही काळ झाकला जातो व निदान लांबते.

चरकाचार्यांनी गुल्म पक्व झाल्यावर चिकित्सेचा अधिकार धान्वंतर संप्रदायाच्या शल्यविदांकडे सोपविला आहे. योग्य वेळी रुग्ण पाठविणे हा वैद्याचा पराभव नव्हे, तो शास्त्राचाच आदेश होय.