पेटीचा सूर

भजनाला टाळ, मृदंग आणि पेटी लागते. पण ही पेटी आली कोठून?

युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन असतो. त्याला शेकडो नळ्या असतात. लहान गावाला तो परवडत नसे. पॅरिसच्या देबें या कारागिराने १८४२ साली हार्मोनियम काढला. त्याचा भाता पायाने चाले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताच्या भात्याची पेटी केली. मग मांडी घालून वाजवण्याची सोय झाली. भाता वारा देतो. पट्टी दाबली की पितळी जीभ थरथरते आणि सूर निघतो.

वाद्य आपलेसे झाले. गाण्याचे काय? मराठी ख्रिस्ती लोक साहेबी चालींवर गात. शब्द ओढूनताणून बसवलेले. तोंड चाले, मन मागे राही. नगरचे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी हे ओळखले. त्यांनी अभंग, ओवी आणि कीर्तन चर्चमध्ये नेले. मग अडाणी बाईही अर्थ जाणून गाऊ लागली.

आम्हांस वाटते, यात आपल्यालाही धडा आहे. पेटीवाला सूर देतो, पण गायचे सर्वांनी. आता माकणीकरांनो, तुम्हांला वाचता येते. पुढच्या भजनाला अभंग आधी वाचा, अर्थ विचारा, मग गा. फरक तुम्हीच बघा!