बाळाची जागा आईच्या छातीशी



“बाळाला सारखे घेऊ नका, हाताची सवय लागेल,” असे घरोघरी ऐकू येते. कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत मात्र हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

नवजात बाळाला आपल्यासारखे कुडकुडून ऊब आणता येत नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबीही कमी असते. वाढीची शक्ती ऊब राखण्यातच खर्च होते. गार पडलेले बाळ नीट दूध ओढत नाही आणि दूध कमी पडले की आणखी गार पडते.

१९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात काचपेट्या अपुऱ्या होत्या, जंतुसंसर्गाने बाळे दगावत होती. तेव्हा डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी ठेवण्यास सुरुवात केली. हीच पुढे ‘कांगारू मदर केअर’ झाली. २०२१ साली भारतासह पाच देशांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एक ते १.८ किलो वजनाची बाळे होती. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मताच ही काळजी सुरू केली, तेव्हा मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

हे कसे करावे?

१. बाळाला फक्त लंगोट, टोपी व पायमोजे घालावेत.
२. आईच्या दोन्ही स्तनांमध्ये उभे, त्वचेला त्वचा लागेल असे ठेवावे. पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत.
३. मान एका बाजूला वळवावी. नाक व तोंड मोकळे दिसले पाहिजे.
४. लुगड्याने किंवा स्वच्छ कापडाने दोघांना बांधावे. एका वेळी निदान तासभर, दिवसात ८ ते २४ तास, जमेल तितके ठेवावे.
५. आई दमली तर वडिलांनी किंवा आजीने घ्यावे.

बाळ दूध ओढत नसेल, जोरजोराने श्वास घेत असेल किंवा गारच राहत असेल, तर छातीशी धरूनच दवाखान्यात न्यावे.

स्पर्श ही गर्भात सर्वांत आधी जागी होणारी जाणीव. छातीशी असलेल्या बाळाचा श्वास व ठोके स्थिर राहतात, ते शांत झोपते, आणि त्या झोपेत मेंदूची वाढ होते. आईलाही त्याची भूक रडण्याआधीच कळते.

आपल्या पाड्यांवरील आया लेकराला पाठीशी बांधून वावरतात. कापड आणि सवय दोन्ही घरात आहेत. कमी पडतो तो वेळ. पाणी, सरपण, शेत, वीटभट्टी यांतून तिची सुटका होत नाही. म्हणून घरात कमी वजनाचे बाळ आले, की तिचा हंडा दुसऱ्याने उचलावा, भाकरी दुसऱ्याने भाजावी. भेटीला जाताना बाळासाठी झबले न्याच. पण त्या घरी महिनाभराचे धान्य पोहोचले, तर आईला मजुरीवर जावे लागणार नाही. बाळाला सर्वांत मोठी भेट तीच.