सुहैल उगवल्यानंतरचा उकाडा

ऑगस्टचा शेवटचा आठवडा हा आपल्या मंडळींचा परतण्याचा काळ. शाळा उघडणार असतात, पुण्या-नाशिकहून, कोकणातून कुटुंबे दुबई-शारजाला येतात. याच सुमारास, २४ ऑगस्टच्या आसपास, पहाटे आग्नेय-दक्षिण क्षितिजावर सुहैल तारा दिसू लागतो. सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. तो दिसला की उन्हाळा उतरणीला लागला, असे अरब परंपरा मानते. पण हीच परंपरा त्यानंतर सुमारे ४० दिवसांचा संधिकाळ सांगते आणि खरा बदल ऑक्टोबरच्या मध्यावर धरते. हे मधले दिवस आपण नीट समजून घेतले पाहिजेत.

हवा कशी असते?

या दिवसांत पारा हळूहळू खाली येतो, पण दमटपणा कमी होत नाही. आखाताची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर आहे. एवढे उथळ पाणी उन्हाळाभर तापते आणि ऑगस्टमध्ये त्याचे तापमान ३३ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. दुपारी समुद्राकडून येणारा वारा ही वाफ किनाऱ्यावर आणतो. म्हणून शारजाच्या खालिद सरोवराकाठी किंवा ममझरला सूर्यास्तानंतरही अंग चिकट राहते. आतल्या वाळवंटात याउलट, ऊन कडक पण हवा कोरडी. सुवैहान येथे १ ऑगस्ट २०२५ रोजी ५१.८ अंश तापमान नोंदले गेले.

केवळ तापमान पाहून अंदाज बांधू नये. ३८ अंश तापमानात आर्द्रता ४० टक्के असेल तर सावलीत सुमारे ४३ अंशांसारखे वाटते. आर्द्रता ६० टक्के झाली की तेच ५४ अंशांसारखे वाटते. सप्टेंबरमध्ये पहाटे धुकेही पडते. गाडी चालवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

परतलेल्यांना धोका अधिक का?

घाम आल्याने नव्हे, तर तो वाळल्याने शरीर थंड होते. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी व मीठ जाते, उष्णता आतच राहते.

दुसरी गोष्ट सवयीची. उष्णतेत रोज थोडे थोडे वावरल्यास एक ते दोन आठवड्यांत शरीर तयार होते. घाम लवकर येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. मात्र ही सवय टिकाऊ नाही. आठवडाभर दूर राहिल्यावर ती कमी होऊ लागते, महिनाभरात बहुतांशी जाते. श्रावणातल्या पावसात महिना-दीड महिना काढून आलेले मूल किंवा आजोबा म्हणजे इथल्या हवेला जवळजवळ नवखेच. येथे अनेक वर्षे राहिल्याचा अनुभव या बाबतीत उपयोगी पडत नाही.

काय करावे?

१. पहिले दहा-बारा दिवस बाहेरचे खेळ, फेरफटका, खरेदी थोड्या वेळापासून सुरू करून वाढवावी.

२. उघड्यावर काम करणाऱ्याने रजेवरून आल्यावर पहिल्या दिवशी निम्मेच काम करावे, चौथ्या दिवसापर्यंत पूर्णावर यावे. दुपारी १२.३० ते ३ उन्हातील कामास असलेली कायद्याची बंदी १५ जून ते १५ सप्टेंबर एवढीच असते. १६ सप्टेंबरला उकाडा संपत नाही, तेव्हा पुढची काळजी आपणच घ्यावी.

३. श्रमाच्या वेळी दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार गेला किंवा जुलाब झाले तर जलसंजीवनी घ्यावी : १ लिटर स्वच्छ पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ, साखर, पाणी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

४. मुलाला बंद गाडीत दोन मिनिटेही ठेवू नये.

चक्कर, मळमळ, पेटके, भरपूर घाम ही थकव्याची लक्षणे. थंड जागी बसवून पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपली, अंग भाजल्यासारखे तापले तर तो उष्माघात. अशा वेळी घाम येत असला तरी फसू नये. ९९८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मान, काखा, जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्धाला पाणी पाजू नये.

विजेचे बिल

बिलाच्या भीतीने वृद्धांनी उकाड्यात झोपू नये. दुबईत घरगुती वापराचा दर पहिल्या २,००० युनिटांना २३ फिल्स, पुढच्या २,००० ना २८ फिल्स आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. २,००० युनिटांचे ४६० दिर्हम होतात, २,५०० चे ६००. इंधन अधिभार व कर वेगळे. एसी २१ ऐवजी २४ वर ठेवल्यास दर अंशामागे थंडाव्याची सुमारे ५ टक्के वीज वाचू शकते. परतल्यावर प्रथम एसीच्या जाळ्या धुवाव्यात. गीझर बंदच ठेवावा : गच्चीवरच्या टाकीचे पाणी आपोआप तापलेले असते, आणि घरात असलेल्या बंद गीझरमधले पाणी त्याहून गार मिळते.

गणपतीच्या दिवसांत भेटीगाठी होतीलच. त्या सूर्यास्तानंतर ठेवाव्यात, पाहुण्याला आधी पाणी द्यावे. हवा सुखद व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडेल. तोवर शरीराला थोडी सवलत द्यावी.