वार्धक्यवेतन आणि शरीरप्रकृती

मुलकी खात्यात आम्ही तीस वर्षे कारकुनी केली. वृद्धांच्या वेतनाचे अर्ज आमच्या मेजावरून पुढे जात. एका वृद्ध बाईचा अर्ज वयाच्या दाखल्याअभावी आम्ही दोन वेळा परत केला. नियमास धरूनच ते झाले. परंतु मधल्या आठ महिन्यांत ती रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड घेत होती, असे मागाहून तिच्या नातवाकडून कळले. दरमहाच्या अल्प रकमेचा प्रकृतीशी संबंध किती, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात राहिला आहे.

याविषयी चांगला पुरावा चीन देशातून मिळतो. तेथे २००९ साली खेड्यांतील लोकांकरिता नवी वेतनयोजना सुरू झाली व साठी ओलांडलेल्या इसमास दरमहा किमान ५५ युआन मिळू लागले. योजना सर्वत्र एकदम न येता टप्प्याटप्प्याने पसरली. त्यामुळे, आपण खत घातलेला व न घातलेला वाफा ताडून पाहतो, तशी वेतन पोहोचलेल्या व न पोहोचलेल्या मुलखांची तुलना करता आली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेतन घेणाऱ्यांची शारीरिक प्रकृती व बुद्धी सुधारल्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटल्याचे आढळले. अन्न अधिक सकस झाले, वैद्याकडे जाणे परवडू लागले, विश्रांती मिळाली, ही त्याची कारणे होत.

मात्र त्याच योजनेविषयी दुसऱ्या संशोधकांचा निष्कर्ष निराळा आहे. झोप सुधारली, मद्यपान घटले, परंतु स्मरणशक्ती अधिक झपाट्याने क्षीण झाली, असे ते म्हणतात. लोकांत मिसळणे कमी झाल्याने असे घडले असावे, असा त्यांचा तर्क आहे. आम्हांस हे पटते. खळ्यावरून व पारावरून उठलेला म्हातारा लवकर खचतो, हे आपण घरोघर पाहतोच.

पैसा कोणाच्या हाती पडतो, यासही महत्त्व आहे. दक्षिण आफ्रिकेत आजीस वेतन मिळाले तेथे नातींचे पोषण सुधारलेले दिसले. आजोबांच्या वेतनाने तसे झाले नाही. (आजोबांनी रागावू नये.)

आपल्याकडे श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील गरजू वृद्धांस २०२३ सालापासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. आपण खातेदार, आपला त्याशी काय संबंध, असे वाचकांनी म्हणू नये. आपल्या सालगड्याचे वृद्ध आईबाप, वाट्याने शेत करणाऱ्याची विधवा आई यांचे वयाचे पुरावे आजच पाहून ठेवावेत आणि बँकेतील खाते त्यांच्याच नावे उघडून द्यावे. शाळेचा दाखला नसतो, आधारपत्रावरील वय चुकलेले असते, आणि अर्ज अडतो तो बहुधा येथेच.

दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या शेतकऱ्याकरिता २०१९ साली केंद्राने किसान मानधन योजना काढली. वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तितकेच सरकार घालते, आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. तीत प्रवेश १८ ते ४० या वयांतच आहे. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांनी मुलांची वये मोजावीत.